दगडातून निघणारं सूत आणि आमच्या गोठ्यावरचा पत्रा

मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा अण्णांनी गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवायला घेतले होते. गडी वरून एकेक पत्रा खाली सोडत होता, तो पडला की फाटकन फुटायचा आणि पांढुरकी धूळ उडायची, आणि माझा सात वर्षांचा पुतण्या तिथेच उकिडवा बसून तुकडे गोळा करत होता. एक तुकडा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, सिमेंटमध्ये केस का घातलेत?" बघितलं तर खरंच, तुटलेल्या कडेला बारीक बारीक तंतू बाहेर आलेले, फाटक्या गोणपाटाला असतात तसे. मी आधी त्याच्या हातातून तो तुकडा काढून घेतला, त्याचे हात धुवायला लावले आणि अण्णांना म्हटलं जरा काम थांबवा. मग रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून जे सगळ्यांना सांगितलं तेच इथे थोडं सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे हे पत्रे लाखो घरांवर आहेत आणि ते ॲस्बेस्टॉस म्हणजे नेमकं काय, ते आलं कुठून, हे बहुतेकांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

तर पहिली गोष्ट, ते केस नाहीत, दगड आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची तारेची जाळी आठवते का, मधे पांढरा गोल असायचा? आमच्या वेळी तो पांढरा गोल ॲस्बेस्टॉसचाच असायचा, आणि आम्ही पोरं तो नखाने खरवडत बसायचो.

दगडाला धागे फुटतात कसे? पृथ्वीच्या खोल थरातून वर आलेला, मॅग्नेशियम भरपूर असलेला एक काळपट हिरवा खडक असतो. त्यात गरम पाणी शिरलं की हळूहळू त्याचं रूप बदलून सर्पेंटाइन नावाचा खडक होतो, सापाच्या कातडीसारखा दिसतो म्हणून ते नाव. या खडकाला भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये खनिज वाढतं ते ठोकळ्यासारखं नाही तर धाग्यांसारखं, भेगेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवं. म्हणजे भेग जेवढी रुंद तेवढा धागा लांब, बहुतेक वेळा बोटाच्या पेरापेक्षाही कमी. ही लांबी लक्षात ठेवा, पुढे सगळा धंदा तिच्यावरच चाललाय.

या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला क्रिसोटाइल म्हणतात. त्याचा एकेक मूळ धागा म्हणजे एक गुंडाळी असते. दोन थर एकमेकांना चिकटलेले, एक सिलिकाचा आणि एक मॅग्नेशियमचा, पण मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा, त्यामुळे जोडी सपाट राहूच शकत नाही, वळत जाते, आपल्या सुरळीच्या वडीसारखी. फक्त ही वडी माणसाच्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. म्हणून हा धागा मऊ असतो, वळतो, विणता येतो. दुसरं घराणं अँफिबोल नावाचं, त्यात निळं ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट येतं, यांचे धागे सरळ, ताठ, सुईसारखे. दोन्ही घराण्यांना आग फारसं काही करत नाही, कारण मुळात दगडच तो, जळणार काय!

माणसाला हे फार आधीपासून माहीत होतं. फिनलंडमध्ये साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत हे तंतू सापडलेत, आपल्याकडे चुलीच्या मातीत भुसा किंवा तूस मिसळतात ना, मातीला तडे जाऊ नयेत म्हणून, तसंच. ग्रीक लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थच "न विझणारं". अथेन्सला अथेना देवीच्या देवळात कॅलिमॅकस नावाच्या कारागिराने केलेला सोन्याचा दिवा होता, त्याची वात अशाच दगडी सुताची होती आणि एकदा तेल भरलं की तो वर्षभर तेवायचा असं पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय. रोमचा जुना लेखक प्लिनी तर आणखी मजेशीर लिहितो, की हे न जळणारं कापड एका वनस्पतीपासून होतं आणि ती उगवते भारताच्या उन्हाने होरपळलेल्या वाळवंटात! हातपुसणी मळली की आगीत टाकायची आणि धुतल्यापेक्षा स्वच्छ होऊन बाहेर काढायची, हे त्याने स्वतः पाहिल्याचं सांगितलंय. तेराव्या शतकात मार्को पोलोने हा घोळ निस्तरला. तेव्हा युरोपात लोक समजत होते की हे कापड आगीत राहणाऱ्या सॅलमँडर प्राण्याचं असतं. त्याने लिहिलं की असला कुठला प्राणी नाही, हे डोंगरातून खणून काढतात, वाळवतात, कुटतात, धुतात, मग लोकरीसारखे धागे उरतात ते कातून कापड विणतात. म्हणजे खाण कशी चालते याचं बऱ्यापैकी नेमकं वर्णन. पुढे १७२५ मध्ये १९ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये पैशांच्या अडचणीत असताना त्याने अमेरिकेहून आणलेली ॲस्बेस्टॉसची एक छोटी पिशवी हान्स स्लोन या संग्राहकाला विकली, ती आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. दोन हजार वर्षं जी वस्तू फक्त नवल म्हणून दाखवायची होती ती १८७० नंतर एकदम टनावारी का खणायला लागले? उत्तर आहे वाफ.

ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्यांना ग्लँडची दोरी माहीत असेल. पंपाचा फिरणारा दांडा जिथे बाहेर येतो तिथे फट असते, त्यातून पाणी गळू नये म्हणून ग्रीस लावलेली दोरी गुंडाळून ठासून भरतात आणि वरून बोल्ट आवळतात. वाफेच्या इंजिनाला अगदी हाच प्रश्न होता. पिस्टनचा दांडा आत-बाहेर होतो, त्याच्या भोवतीच्या फटीतून वाफ निसटली की जोर गेला, कोळसा वाया. सुरुवातीला तिथे तागाची किंवा अंबाडीसारख्या धाग्याची दोरी चरबी लावून भरायचे. पण जसा वाफेचा दाब वाढत गेला, तापमान वाढत गेलं, तशी ती दोरी करपायला लागली, इंजिन सारखं थांबवून बदलायला लागायची. तिथे दगडाची दोरी भरली आणि प्रश्न मिटला! शिवाय बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना बाहेरून ॲस्बेस्टॉसचा लेप दिला की उष्णता आतच राहते. रेल्वे, जहाजं, गिरण्या, जिथे जिथे वाफ तिथे तिथे हे लागायला लागलं, त्यामुळे ॲस्बेस्टॉसचा इतिहास खरंतर वाफेच्या इंजिनाच्या इतिहासाचाच एक तुकडा आहे असं मला वाटतं.

सुरुवातीचा माल इटलीच्या आल्प्समधून यायचा, पण खरी खाण सापडली कॅनडाच्या क्युबेक प्रांतात. १८७६ मध्ये थेटफर्ड भागात जोझेफ फेक्टो नावाच्या शेतकऱ्याला हा धाग्यांचा दगड सापडला आणि १८७८ मध्ये तिथून पहिले साधारण ५० टन निघाले. जवळच दुसरी खाण उघडली, तिच्याभोवती जे गाव वसलं त्याचं नावच ॲस्बेस्टॉस. खाणी उघड्या, म्हणजे डोंगर वरून कापत जायचं. सुरुंग लावायचा, दगड वर काढायचा आणि मग खरं काम हाताचं. शेडमध्ये रांगेने बसून हातोडीने दगड हळूहळू ठोकत खडक झाडून टाकायचा आणि धाग्यांची पट्टी मोकळी करायची, शेंगा फोडून दाणे काढावेत तसं. हे काम बऱ्याचदा बायका आणि मुलं करायची. दिवसभर ठोकणं म्हणजे दिवसभर धूळ, आणि थंडीमुळे दारं-खिडक्या बंद. पुढे दगड भरडणाऱ्या गिरण्या आल्या, भरडलेल्या मालातून हवेच्या झोताने धागा वर ओढून घ्यायचा, त्याने उत्पादन अफाट वाढलं आणि धूळही.

लांब धागा जायचा सूत कातायला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल हे सुती गिरण्यांचं गाव, तिथल्या टर्नर बंधूंनी १८७९ मध्ये सुताच्या मशीनवरच ॲस्बेस्टॉस विणायला सुरुवात केली. क्रिसोटाइल गुळगुळीत, नुसता कातला तर निसटतो, म्हणून त्यात थोडा कापूस मिसळायचे. पिंजणं, कातणं, विणणं, सगळं कापसासारखंच, कामगारही कापडगिरणीतलेच. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या घरच्यांनी काम केलंय त्यांना पिंजणखात्यातली हवा कशी असते हे सांगायला नको, तिथे कापसाच्या जागी दगड आहे एवढी फक्त कल्पना करा. तिकडे न्यूयॉर्कला हेन्री वॉर्ड जॉन्स नावाच्या तरुणाने १८५८ पासून ॲस्बेस्टॉस घालून छपराचा न जळणारा माल बनवायचा धंदा सुरू केला होता. तो १८९८ मध्ये वारला तो फुफ्फुसाच्याच आजाराने, आणि तो आजार ॲस्बेस्टॉसच्या धुळीचाच असणार असं आज मानतात.

पण लांब धागा थोडाच निघतो. बाकी सगळा आखूड, कातायला निरुपयोगी, त्याचे खाणींजवळ ढीग लागायचे. आणि इथे आपल्या पत्र्याचा जन्म होतो. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक नावाच्या कारखानदाराने १९०० च्या सुमारास एक युक्ती काढली. कागद बनवायच्या मशीनवर लगद्याच्या जागी त्याने सिमेंट, पाणी आणि आखूड ॲस्बेस्टॉस यांचं पातळ मिश्रण सोडलं. जाळीच्या फिरत्या ड्रमवर त्याचा पातळ पापुद्रा बसतो, तो पट्ट्यावर उचलून दुसऱ्या ड्रमवर गुंडाळत जायचा, एकावर एक थर, हवी तेवढी जाडी झाली की कापून उलगडायचा आणि वाळू द्यायचा. नुसतं सिमेंट इतकं पातळ केलं तर हातात तुटेल, पण त्यात हे तंतू सळईचं काम करतात, स्लॅबमध्ये लोखंड करतं तेच. त्याने नाव ठेवलं एटर्निट, लॅटिनमधल्या चिरंतन या अर्थाच्या शब्दावरून. हलका, स्वस्त, न गंजणारा, न जळणारा पत्रा, आणि कच्चा माल म्हणजे खाणीत साठलेला आखूड धागा! बघता बघता जगभर कारखाने निघाले. आपल्या मुलुंडलाही स्वातंत्र्याच्या आधीच असा कारखाना आला होता आणि १९५० च्या दशकात घाटकोपरला ॲस्बेस्टॉसची ब्रेक लायनिंग बनवणारा. मोटारींच्या ब्रेकमध्ये हे वापरतात कारण घासून घासून तापलं तरी टिकतं.

लोकांना हे इतकं हवं का होतं हेही समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर सगळे मूर्ख होते असं वाटेल. त्या काळी शहरं लाकडाची, दिवे गॅसचे, आगीची भीती रोजची. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली, रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये सोडायचा न जळणारा पडदा मध्येच अडकला आणि सहाशेच्या वर माणसं गेली, त्यात कितीतरी बायका आणि मुलं. त्या पडद्याच्या ॲस्बेस्टॉसमध्ये भेसळ होती असंही पुढे आलं. असं काही घडल्यावर लोक मागणार तर खरं आणि जास्त ॲस्बेस्टॉसच मागणार ना.

दरम्यान १८८० च्या दशकात रशियात उरलच्या डोंगरात प्रचंड साठा सापडला, तिथल्या शहराचं नाव आजही ॲस्बेस्ट आहे. आणि दक्षिण आफ्रिकेत नॉर्दर्न केपमध्ये निळं ॲस्बेस्टॉस, तिथे १८९३ मध्ये केप ॲस्बेस्टॉस कंपनी निघाली. तिथे मजुरीची रीत अशी की पूर्ण कुटुंबच कामाला, पुरुषांनी खणायचं आणि बायका-मुलांनी झाडाखाली बसून हातोडीने धागा सोडवायचा, पाठीला बाळ बांधलेलं असायचं. पैसे निघालेल्या धाग्याच्या वजनावर. तपकिरी अमोसाइटचं नाव तर "ॲस्बेस्टॉस माइन्स ऑफ साउथ आफ्रिका" या कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडलंय.

आता धूळ. एक गैरसमज फार ऐकतो की त्या काळी कोणाला माहीतच नव्हतं हो. तसं नाहीये. १८९८ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या महिला फॅक्टरी इन्स्पेक्टरांपैकी एक, लूसी डीन, हिने सरकारी अहवालात स्वच्छ लिहिलं की ॲस्बेस्टॉसची धूळ कामगारांना इजा करतेय, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे धारदार आणि दातेरी दिसतात. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये डॉ. माँटेग्यू मरी यांच्याकडे ३३ वर्षांचा एक कामगार धाप लागते म्हणून आला. १४ वर्षं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात. त्याने सांगितलं की सुरुवातीला आमच्या खोलीत आम्ही दहाजण होतो, बाकीचे सगळे गेले, मी एकटा उरलोय. वर्षभरात तोही गेला. १९०६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या एका कारखान्याबद्दल डेनिस ऑरिबो या इन्स्पेक्टरने ५० च्या आसपास मृत्यूंची नोंद केली. १९१८ पर्यंत अमेरिकेत विमा कंपन्या ॲस्बेस्टॉस कामगारांचा विमा काढायला नाही म्हणायला लागल्या होत्या. विमेवाल्याला कळलं होतं म्हणजे कळलंच होतं.

रॉचडेलची नेली केरशॉ. बाराव्या वर्षी सुती गिरणीत लागली, नंतर १९१७ पासून टर्नरांच्या कारखान्यात कच्च्या ॲस्बेस्टॉसचं सूत कातायला. १९२२ मध्ये काम करणंच शक्य होईना. डॉक्टरने दाखल्यावर ॲस्बेस्टॉसची विषबाधा असं लिहून दिलं, पण कायद्याच्या यादीत असा आजारच नव्हता, म्हणून भत्ता मिळाला नाही, आणि कंपनीने जबाबदारी घेतली नाही. १४ मार्च १९२४ ला ती गेली, वय ३३. तिच्या फुफ्फुसाची तपासणी डॉ. विल्यम कुक यांनी केली, त्यांना आत दगडाचे कण आणि वणांनी घट्ट झालेला भाग दिसला, त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं आणि पुढे १९२७ मध्ये आजाराला नाव मिळालं, ॲस्बेस्टोसिस. नेलीला पुरलं तिथे तिच्या नावाचा दगडही लावला नव्हता.

फुफ्फुसात नेमकं होतं काय तेही सांगतो. आपल्या फुफ्फुसात सफाई करणाऱ्या पेशी असतात, धुळीचा कण आला की त्याला गिळून पचवतात किंवा बाहेर काढायला मदत करतात. ॲस्बेस्टॉसचा लांब धागा त्या पेशीपेक्षाच लांब असू शकतो. पेशी गिळायला जाते, अर्धा धागा आत अर्धा बाहेर, पचत नाही, सोडवतही नाही, शेवटी तीच फुटते आणि तिच्यातली द्रव्यं आजूबाजूला सांडतात. मग दुसरी पेशी येते, तिचंही तेच. वर्षानुवर्षं हे चालतं, तिथे वण धरतो, मऊ फुफ्फुस कडक होत जातं, श्वास पुरत नाही. काहींना पुढे कॅन्सर होतो, फुफ्फुसाचा किंवा त्याच्या बाहेरच्या आवरणाचा, त्या दुसऱ्याला मेसोथेलिओमा म्हणतात. आणि हे दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. म्हणून तर कोणालाही म्हणता येतं की माझे आजोबा आयुष्यभर हेच काम करत होते, काही झालं नाही.

१९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ कामगार तपासले, त्यातल्या ९५ जणांच्या फुफ्फुसात वण होते, म्हणजे चौघांत एक. त्यावरून १९३१ मध्ये नियम झाले, धूळ ओढून घेणारे पंखे वगैरे. पण नियम कारखान्यातल्या ठराविक खात्यांपुरते. तोच माल घेऊन जहाजावर पाइपांना लेप लावणारा, छपरावर पत्रा कापणारा सुतार, यांना काहीच नाही. खाणींना तर नाहीच. १९४९ मध्ये क्युबेकच्या सुमारे पाच हजार खाणकामगारांनी चार महिने संप केला, त्यांच्या मागण्यांमध्ये पगारासोबत धूळ कमी करा हीसुद्धा होती. आणि १९६० मध्ये डॉ. वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतून मेसोथेलिओमाच्या ३३ केसेस छापल्या, त्यातले बरेचजण खाणीत कधी कामालाच नव्हते, नुसते त्या भागात राहिलेले, लहानपणी तिथे वाढलेले. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तुकडे गोळा करणारा पुतण्याच आला.

पुढचं थोडक्यात. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून बंदी आहे. क्युबेकच्या खाणी २०१२ पर्यंत बंद झाल्या, ॲस्बेस्टॉस गावाने २०२० मध्ये मतदान घेऊन नाव बदललं, आता ते व्हाल-दे-सूर्स आहे. रशियातली खाण चालू आहे. आपल्या देशात झारखंडमध्ये चाईबासाजवळ, राजस्थानात, आंध्रात खाणी होत्या, आता खाणकाम थांबलंय, पण बाहेरून आणलेल्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवणं आणि वापरणं चालू आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलंय की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षं ठेवायची, जे नंतर येईल तोवर. कुणाच्या घरात मुलुंड-घाटकोपरच्या अशा कारखान्यात काम केलेलं माणूस असेल आणि त्यांना आता धाप लागत असेल तर डॉक्टरला ते काम आठवणीने सांगा, डॉक्टर आपणहून विचारेलच असं नाही.

तर त्या रात्री अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं आपण याच्याखाली झोपलो ते?" त्यांना म्हटलं पत्रा अखंड आहे तोवर धागा सिमेंटमध्ये घट्ट अडकलेला असतो, धोका मुख्यतः फोडताना, कापताना, भोक पाडताना, आणि खूप जुना होऊन पृष्ठभाग भुसभुशीत झाला की. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना आजोळी पाठवलं, पत्र्यांवर पाइपने पाणी मारलं, फेकायचं नाही, दोघांनी धरून अखंड खाली उतरवायचा असं ठरवलं. फुटलेले तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधले, अंगण झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतलं आणि ते फडकंही त्याच प्लास्टिकमध्ये टाकलं. मग प्रश्न आला की हे न्यायचं कुठे. तालुक्याला दोन-तीन ठिकाणी विचारलं, कोणी घ्यायला तयार नाही, एकजण म्हणाला द्या इकडे, रस्त्याच्या भरावात टाकतो, त्याला नको म्हटलं. गोठ्यामागे विटांवर रचून वर ताडपत्री बांधून ठेवलेत, बावीस अखंड पत्रे आणि चार बोचकी.